कूलरची चप्पल

आमच्या घरी कूलरला स्वतःची चप्पल होती. निळ्या पट्ट्याची, रबरी, मागच्या छपरीच्या, म्हणजे पडवीच्या दारात कूलरच्या पायाशी ठेवलेली. ती घालून कोणी चुकून अंगणात गेलं तर आई तिथून हाक मारून परत बोलवायची. कूलरचं बटण दाबायचं तर आधी चप्पल. पाणी भरायचं तर चप्पल. जवळून जाताना पदर लागणार असेल तरी चप्पल. पाहुणे आले की पाण्याच्या ग्लासासोबत ही सूचना त्यांना मिळे, आणि एकानेही कधी नवल केलं नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरी अशी एक चप्पल होतीच.

भद्रावतीचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना हे सांगून पटत नाही. एप्रिल सरता सरता दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नाही, आणि कूलर बंद पडलेल्या घरात माणसं विनाकारण भांडायला उठतात. अशा दिवसांत कूलर चावतो ही तक्रार होऊच शकत नाही. करंट लागला असं आम्ही म्हणतच नसू. 'चावला' म्हणायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. लहानपणी आम्ही बहिणी उलट्या हाताने त्याला शिवून पळायचो, आणि जिला झिणझिण्या आल्या तिच्यावर राज्य. आज आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा तो आमचा आवडता खेळ होता.

हा कूलर बाबांनी स्वतः समोर बसून वेल्डरकडून बनवून घेतलेला. जाड पत्रा, भक्कम पाय, तिन्ही बाजूंना भुश्याच्या ताट्या, आणि पंखा असा की समोर बसलेल्याचं वर्तमानपत्र उडून स्वयंपाकघरात जावं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. त्यातून त्यांचा असा पक्का समज झाला की जगातली कोणतीही वस्तू आवाजावरून कळते. कूलरचा आवाज चांगला होता, म्हणजे कूलर चांगला होता. विषय संपला.

मी लग्न केलं नाही. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, आईबाबांजवळच राहते आणि घरात सगळ्यात मोठा आवाज माझा आहे. तरी कूलरबद्दल बोलायची हिंमत मलाही झाली नव्हती. ती झाली माझ्या धाकट्या बहिणीला, तीही पुण्यात बसून.

बहिणीची मुलगी पुण्यालाच जन्मली. आई तिकडे जाऊन बाळंतपण करून आली, त्यानंतर आजी-नातीची भेट फोनच्या पडद्यावरच. या मे महिन्यात ती पहिल्यांदा आजोळी येणार होती. आईने पाळणा घासूनपुसून ठेवला, जुन्या साड्यांची दुपटी शिवली आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन तारीख सांगून आली. आणि एक दिवस बहिणीने फोनवर मुलगी दाखवली. पोरगी खुर्चीचा पाय धरून उभी होती, डुलत होती आणि स्वतःवर खूश होऊन हसत होती.

"पाह्यलं नं बाबा?" बहीण म्हणाली. "हाती लागन ते धरून उभी राह्यते. तो कूलर काढा. आम्ही एसी लावून देतो. नाई तं आम्ही दिवाळीलेच येतो."

"एसी?" बाबांचा चेहरा पडला. "दारं लावून राहाले मी काय दवाखान्यात भरती हाव का? माह्या कूलरनं आजलोक कोनाले खाल्लं?"

"बाबा, मी गमतीनं नाई बोलून राह्यली."

दुसऱ्या दिवशी बाबा बाजारातून आले ते खिशात हात घालून, मिशीत हसत. खिशातून त्यांनी एक लाल रबरी चप्पल काढली, माझ्या बोटांएवढी. मग दुसरी. नातीसाठी कूलरची चप्पल. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला. संध्याकाळी त्यांनी ती मोठ्या ऐटीत फोनसमोर धरली.

बहीण म्हणाली, "बाबा, ते रांगते. गुडघ्याले चप्पल घालसान का? हाताले घालसान?"

आई आधी खो खो हसली. मग फोन बंद झाला आणि तिचे डोळे भरले. "दिवाळीलोक ते पोरगी धावाले लागन," ती म्हणाली. "मले तिचं रांगनं पाहाचं होतं. ते काई दिवाळीपर्यंत थांबत नाई."

आई असं काही मागणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून घरी येताना मी रस्ताभर तिचं हे वाक्य घोळवत होते आणि घरी आल्यावर चप्पल न काढताच माझ्या मैत्रिणीला फोन लावला.

ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे आणि आपल्याला विजेतलं सगळं कळतं हे ती कोणापासून लपवत नाही. लग्नाला गेली तरी आधी मांडवातलं वायरिंग बघते आणि मग नवरीला. रविवारी स्कूटी घेऊन आली, निळी चप्पल पाहिली आणि पादुकांना जोडावेत तसे हात जोडले. "वा काका! तुमच्या इथीबी देवी बसवली हाय का?"

तिने कूलरचा प्लग उपटून हातात घेतला. खालच्या दोन पिना जागेवर होत्या. वरची जाड पिन नव्हतीच.

"तिसरी पिन कुठी हाय काका?"

"न्हाणीच्या कडीत," बाबा म्हणाले. ते खरंच होतं. न्हाणीघराच्या दाराला आतून कोयंड्यात अडकवायला जी पितळी खुंटी दोरीला बांधलेली होती, ती कूलरची पिन होती. आम्ही आंघोळीला गेलो की तीच लावायचो. बाबांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "बोर्डाच्या वरच्या भोकात तारच नाई. मंग पिन कशाले पाह्यजे? पकडीनं काढून टाकली. पितळ चांगलं होतं, वाया काऊन घालवाचं?"

मैत्रिणीने बोर्ड उघडला. बाबांचं बरोबर होतं, वरच्या भोकामागे काहीच नव्हतं. ती छपरीत मांडी घालून बसली, एका हातात प्लग आणि दुसऱ्या हातात न्हाणीतली पिन.

"हे पाहा. दोन तारा कामाच्या. एकीनं करंट येते, पंखा फिरवते, दुसरीनं वापस जाते. तिसरी बसून खाते असं वाटते, म्हनून लोकं तिलेच हाकलतात. पन आतली एखादी तार चिरली, पानी लागलं, का करंट पत्र्यात उतरते. पत्र्यात आला का त्याले जमिनीत जाचं असते. तिसरी तार असन तं तो तिच्यातून गपचूप जमिनीत जाते. नसन तं वाट पाह्यते. जो कोनी हात लावन, त्याच्या अंगातून जाते."

मग तिने पिन वर धरली. "ही जाड काऊन हाय? म्हनजे दुसऱ्या भोकात घुसू नये. लांब काऊन हाय? म्हनजे प्लग लावताना ही सगळ्यात आधी लागली पाह्यजे, अन् काढताना सगळ्यात शेवटी सुटली पाह्यजे. करंट येन्याच्या आधी त्याचा रस्ता तयार."

"लग्नाघरच्या मावशीसारखी," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पह्यले येते अन् भांडे मोजून शेवटी जाते."

"बराबर काकू! अन् तुमच्या घरी अर्थिंग नाई असं बी नाई. हाय. आजलोक तुमचं अर्थिंग तुमीच होते. कोन भरते याच्यात पानी?"

"मीच भरते," आई म्हणाली. आणि मग भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगावं तितक्या सहज म्हणाली, "मले तं रोजच चावे. बादली ओतताना चप्पल ओली होते नं."

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. "रोज?" त्यांनी विचारलं. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगून काय करू? तुमी म्हनले असते, आवाज तं चांगला येते."

बाबांनी मैत्रिणीच्या हातातून प्लग घेतला, वायर गुंडाळली आणि कूलरच्या डोक्यावर ठेवली. "तिसरी तार लागल्याशिवाय हा चालू होनार नाई," ते म्हणाले. त्यानंतर ते बराच वेळ अंगणात जाऊन उभे राहिले, भर उन्हात, टोपीशिवाय.

मैत्रिणीने त्या दुपारी बोर्डामागे हिरवी तार जोडली, ती भिंतीवरून मागच्या अंगणात आणून सोडली, नवा तीन पिनांचा प्लग बसवला आणि जाताना बाबांना काम सांगून गेली. कमरेपेक्षा खोल खड्डा, मधोमध लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने, वरून भरपूर पाणी. पाइपला तार घट्ट बांधायची. जमिनीत ओल असेल तरच वाट चांगली. बाबा प्रत्येक वाक्यावर मान डोलवत होते, जणू हे सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं.

कूलरशिवायचे ते दिवस मी विसरणार नाही. आम्ही ओल्या चादरी दाराला टांगल्या आणि एकमेकांशी बोलणं कमी केलं. बाबा मात्र पहाटे उठून सब्बल-फावडं घेऊन खड्ड्यात उतरायचे आणि ऊन चढलं की घामाने निथळत वर यायचे. खड्डा झाला, पाइप उभा राहिला. कोळशाची तर चिंताच नव्हती. खाणीच्या मुलखात राहून कोळसा शोधावा लागतो का? न्हाणीमागे सिगडीसाठी पोत्यांत भरलेला होताच. बाबांनी तो मुठीएवढा फोडून घेतला, मिठाच्या पिशव्या आणल्या, थर घातले, पाणी ओतलं. शेजारपाजारचे जमले. आईने हळदकुंकू वाहिलं आणि बाबांनी पाइपसमोर नारळ फोडला. आम्ही सगळ्यांनी खोबरं खाल्लं. मग बाबांनी प्लग लावला, चप्पल घालून टेस्टर पत्र्याला टेकवला.

टेस्टरमधला दिवा लागला. अगदी पूर्वी लागायचा तसाच.

लोक हळूहळू पांगले. बाबा खड्ड्याच्या कडेला बसून राहिले, हात कोपरापर्यंत काळे. "झालं तुमचं सायन्स," एवढंच म्हणाले. बहिणीचा फोन आला, तिकीट ठेवू की रद्द करू. मी तिला उद्या सांगते म्हणाले आणि माझा पारा चढला. मैत्रिणीला फोन लावून मी अशी काही बोलले की दुसरी कोणी असती तर मैत्री तुटली असती.

"ओरडू नको. फोटो पाठव," ती म्हणाली.

मी फोटो पाठवला. तिचा फोन आला तेव्हा ती बोलतच नव्हती, फक्त हसत होती. हसून हसून खोकला लागला तिला. "अवं, दगडी कोळसा! अवं, लाकडाचा पाह्यजे होता! लाकडाचा कोळसा करंटले वाट देते, ओल धरून ठेवते. हा दगड काई देत नाई. आमच्या इथी गाड्याच्या गाड्या येतात याच्या. हा कोळसा वीज बनवाले चालते बाई, पुराले नाई!"

चूक तिचीही होती, तिने नुसतं कोळसा म्हटलं होतं. पण भद्रावतीत कोळसा म्हटल्यावर दुसरा कोणता कोळसा कोणाच्या डोक्यात येईल? नारळ फोडायला जमलेल्या एवढ्या माणसांपैकी एकालाही शंका आली नव्हती, त्यात निम्मे तर खाणीतलेच होते.

आता लाकडाचा कोळसा आणायचा कुठून? इस्त्रीवाल्याकडे त्याच्या इस्त्रीपुरता होता. बाबा म्हणाले, राहू दे. मी काही बोलणार तोच आई आतून नवी साडी नेसून बाहेर आली. त्या दिवशी पलीकडच्या गल्लीत विहारासमोर लग्न होतं आणि आम्हाला आमंत्रण होतं. मला वाटलं, बाई रागाने एकटीच जेवायला निघाली. तिच्या हातात आहेराचं पाकीट होतं आणि काखेत घमेलं.

"लग्नाले घमेलं कशाले?" मी विचारलं.

"चाल तं खरी."

मांडवात आईने नवरा-नवरीवर फुलं टाकली, आहेर दिला आणि थेट मागे आचाऱ्याकडे गेली. तिथे लाकडांच्या मोठमोठ्या चुली होत्या, भात उतरला होता आणि निखारे नुकतेच पाणी मारून विझवलेले. काळा, हलका, खणखणीत कोळसा, हवा तेवढा. माझी आई गडचिरोलीकडच्या खेड्यात लाकडाच्या चुलीपुढे वाढलेली, तिला तो दिसण्याआधीच ठाऊक होता. आचाऱ्याने विचारलं, कशाला हवा. आई म्हणाली, "माही नात येऊन राह्यली." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने स्वतः फावड्याने घमेलं भरून दिलं.

नवरीच्या आईने ते पाहिलं, तिने आणखी दोन घमेली मागवली. बायका जमल्या. जरीच्या साड्यांमध्ये कोळशाची घमेली डोक्यावर घेऊन आमची वरात निघाली. बँडवाले जेवून सुस्तावले होते, त्यातल्या एकाला राहवलं नाही, त्याने आमच्यामागे ताशा वाजवायला घेतला. बाबा आवाज ऐकून दारात आले. आईच्या नव्या साडीवर काळे डाग पडले होते आणि ती घामाघूम होऊन हसत होती. मी तिला इतकं खूश त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

बाबांनी त्याच दुपारी पहिला कोळसा उपसला आणि दुसरा भरला. मीठ, कोळसा, मीठ, पाणी. संध्याकाळी मैत्रीण करंट गळला की आपोआप बंद होणारा एक ट्रिप स्विच घेऊन आली, तोही बसवला. बटण दाबलं आणि स्विच खट् करून खाली पडला.

"गेला हा बी," बाबा म्हणाले.

"नाई काका. चोर सापडला." तिने कूलर उघडला आणि पाण्याच्या पंपाची तार बाहेर ओढून दाखवली. तिचं वरचं रबर चिरून आतलं तांबं दिसत होतं. करंट पत्र्यात यायचा तो इथून. याआधी त्याला वाट नव्हती म्हणून तो आईची वाट बघत बसायचा. आता तिसऱ्या तारेने सरळ खड्ड्याकडे पळाला आणि पळताना स्विचने त्याला पकडलं. नवा पंप बसला, बटण दाबलं, स्विच वरच राहिला. टेस्टरचा दिवा लागला नाही. मैत्रिणीने पत्र्याला हात लावला, मग मी लावला. बाबांनी आधी सवयीने उलटा हात टेकवला आणि मग तो हळूच सुलटा केला.

"काकू, या."

"मी नाई बा," आई म्हणाली आणि निळी चप्पल घालून पाणी भरायला गेली. कितीही सांगा, तिने चप्पल सोडली नाही. टेस्टर काय म्हणतो यापेक्षा तिचा तिच्या हातावर जास्त विश्वास होता. मी बहिणीला तिकीट ठेव म्हणून सांगितलं.

नात आली आणि घरात सण उतरला. पहिला दिवस आईने तिला कडेवरून खाली ठेवलीच नाही. लाल चप्पल तिला फार आवडली, ती तिने चघळून ओली केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिला मागच्या अंगणात, पाइपजवळच्या दगडावर बसवून आंघोळ घातली. खड्ड्यात ओल राहायला हवी असं मैत्रिणीने बजावलं होतं, मग नातीच्या आंघोळीचं पाणी वाया का घालवायचं? आमच्या घरात काहीच वाया जात नाही.

आंघोळीनंतर बहीण तिला आत घेऊन गेली, कपडे घातले आणि खाली सोडली. आई कूलरमध्ये बादली ओतून नुकतीच वळली होती. फरशी ओली होती, आणि तिने चप्पल काढून पायाने बाजूला सारली होती. पोरगी दारातून भराभर रांगत आली. आधी तिला निळी चप्पल दिसली. तिने ती उचलली, चाखली, टाकली. मग डोकं वर करून कूलरकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी त्याचा लोखंडी पाय धरला.

"अवं माय!" आई किंचाळली आणि धावली. ओल्या फरशीवर, अनवाणी. पाय घसरला, एक हात नातीच्या पोटाखाली गेला आणि दुसरा, तोल सावरायला, पूर्ण पंजा पसरून कूलरच्या पत्र्यावर पडला.

आम्ही सगळे जागच्या जागी उभे. कूलर घरघरत होता. पोरगी त्याचा पाय धरून उभी राहिली, डुलली आणि आजीच्या तोंडाकडे बघून हसली.

आईने हात काढला नाही. तिने तो पत्र्यावरून हळूहळू वर नेला, मग खाली आणला.

"हे तं गार हाय," ती म्हणाली. "इतके वर्सं याच्यात पानी भरलं. मले मालूमच नव्हतं, का हे बाहीरून बी गार लागते."

बाबांनी तिच्या पायाजवळची रिकामी बादली उचलली आणि पाणी आणायला नळाकडे गेले.